तत्त्वज्ञांचे चरित्रकोश : जन्मसाल नेमकं मोजतं कोण?

शाईचा डाग

मंडळी, गेले काही दिवस एका साध्या गोष्टीत अडकलोय. ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीसचा जन्म कधीचा? एका कोशात इ.स.पू. सुमारे 540, दुसऱ्यात 515. पंचवीस वर्षांची तफावत. छपाईची चूक म्हणावी, तर दोन्ही आकडे इतर पुस्तकांतही सापडतात. मग खणत गेलो आणि जे हाती लागलं त्याने जरा हबकलोच.

515 येतं प्लेटोच्या संवादातून. त्यात पार्मेनिडीस साधारण 65 वर्षांचा, त्याचा शिष्य झीनो चाळिशीजवळचा आणि सॉक्रेटिस अगदी कोवळा पोरगा. सॉक्रेटिसला 399 मध्ये मृत्युदंड झाला तेव्हा तो सत्तरीचा होता. त्यावरून ही भेट 450 च्या आसपासची धरायची आणि त्यात 65 मिळवायचे. ती भेट खरंच झाली की प्लेटोने रचली, यावर हे सगळं उभं.

540 ची गोष्ट त्याहून मजेदार. ग्रीक तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजिनीस लाएर्शियस पार्मेनिडीसचा बहराचा काळ 69व्या ऑलिंपियाडमध्ये (ऑलिंपियाड म्हणजे चार वर्षांचा टप्पा), म्हणजे 504 ते 501 मध्ये टाकतो. हा आकडा मूळ अपोलोडोरसचा असावा असं अभ्यासक धरतात. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या या गृहस्थाने जुन्या लोकांचा कालपट लिहिला, तोही पद्यात. जन्मसाल ठाऊक नसलं की त्याची रीत ठरलेली : त्या माणसाच्या आयुष्यातली एखादी ठाऊक घटना पकडायची, त्या वेळी तो चाळीस वर्षांचा, ऐन भरात होता असं मानायचं आणि मागे मोजत जायचं. थेलीझने सूर्यग्रहणाचं भाकीत केलं ते 585 चं, म्हणून थेलीझचा जन्म 624. आपण शाळेपासून घोकत आलो तो आकडा हाच.

म्हणजे नावापुढच्या कंसात इतक्या रुबाबात बसलेलं साल हा मुळात ठोकताळा! मग अशा कोशात भरवशाचं काय उरतं? आणि तुम्ही हे कोश उघडता ते कशासाठी?

---

रिकामटेकडा बुवा

मी तर मरणं वाचायला उघडतो. :)

लाएर्शियसचे दहा भाग घ्या आणि कुठलंही पान उलटा. हेराक्लिटसला जलोदर झाला, त्याने अंगाला शेण थापून घेतलं आणि त्यातच गेला. झीनो (स्टोइक पंथाचा, वरचा नव्हे) शाळेतून निघताना ठेचकाळला, पायाचं बोट मोडलं, जमिनीवर हात आपटून म्हणाला, "येतोय की, हाका कशाला मारतेस?" आणि तिथेच प्राण सोडला. क्रिसिपसचे अंजीर गाढवाने खाल्ले. तो म्हणाला, आता त्याला वर थोडी दारूही पाजा. आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता गेला. सातशेच्या वर ग्रंथ लिहिलेला माणूस!

भरीस भर म्हणजे बऱ्याच मरणांवर लेखकाने स्वतः कविता केल्यात. त्या इतक्या टुकार आहेत की त्यापुढे शेण बरं.

---

खडूस मास्तर

बुवा, त्या मरणांत इतिहास शोधायला जाऊ नका. हेराक्लिटसचंच घ्या. "आत्म्यांना पाणी होणं म्हणजे मरण" हे त्याचं वचन, आणि प्रेतं शेणाहूनही आधी फेकून द्यावीत हेही त्याचंच. पुढच्या लोकांनी या दोन वचनांना घट्ट पिळलं आणि त्यातून जलोदर नि शेण गाळून काढलं. माणूस जे बोलला त्यावरूनच त्याचं मरण रचलं, तेही चेष्टेने. ग्रीक चरित्रांमधला बराच माल असा वचनांपासून बनवलेला आहे, हे अभ्यासकांनी केव्हाच दाखवलंय.

माझं मत सरळ आहे. तत्त्वज्ञाच्या नोंदीत आयुष्य तीन ओळींत उरकावं. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने 1924 मध्ये ॲरिस्टॉटलवरची व्याख्यानं सुरू करताना म्हटलं होतं की या माणसाबद्दल एवढंच कळलं तरी पुरे : तो अमुक साली जन्मला, त्याने काम केलं आणि तो मेला. मी मुलांना सांगतो, नोंद तिसऱ्या परिच्छेदापासून वाचा. वरचं कुणी विचारत नाही.

---

तळटीप

मास्तर, आदरपूर्वक असहमत. आणि शाईचा डाग यांच्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे.

लाएर्शियसमध्ये भरवशाचं जे आहे ते नेमकं लोक ओलांडून जातात तिथे आहे : मृत्युपत्रं आणि ग्रंथांच्या याद्या. प्लेटो, ॲरिस्टॉटल, थिओफ्रास्टस, स्ट्रेटो, लायको आणि एपिक्युरस, अशा सहाजणांची मृत्युपत्रं त्याने जशीच्या तशी उतरवून ठेवलीत. त्याच्याकडे ती आधीच्या संग्राहकांकडून आली आणि बहुतेक अभ्यासक ती अस्सल मानतात.

ॲरिस्टॉटलचं वाचा. हर्पिलिस नावाची बाई त्याच्यासोबत राहत होती. ती आपल्याशी चांगली वागली, तेव्हा तिची नीट सोय लावा, तिला लग्न करायचं असेल तर ते योग्य माणसाशी लावून द्या, असं तो लिहितो. पहिल्या बायकोच्या, पिथियासच्या, अस्थी माझ्याजवळ ठेवा, कारण तिची तशी इच्छा होती. ज्या दासांनी माझी सेवा केली त्यांच्यापैकी कुणालाही विकू नका, वयात आल्यावर लायकीप्रमाणे त्यांना मोकळं करा. आता मास्तर, 'काही माणसं स्वभावतःच दास असतात' असं ज्याने पॉलिटिक्समध्ये मांडलं, त्याचंच हे मृत्युपत्र. हे तीन ओळींत कसं उरकणार? मला तरी ही दोन पानं शेजारी ठेवल्याशिवाय पॉलिटिक्स वाचवत नाही.

एपिक्युरसचं मृत्युपत्र बागेबद्दल आहे, शिष्यांना तिथे राहता यावं म्हणून. माझा वाढदिवस दरवर्षी करा आणि दर महिन्याच्या विसाव्या दिवशी माझी नि (शिष्य) मेट्रोडोरसची आठवण म्हणून जमत जा, असंही त्यात आहे. आणि दहावा भाग नसता तर एपिक्युरस आपल्याला कितीसा कळला असता? त्याची तीन पत्रं आणि चाळीस मुख्य वचनं याच चरित्रकोशाने वाचवली. लेखकाची अक्कल बेतास बात होती हे मान्य. पण तो कापाकापी करत बसला नाही, उतरवत गेला, हे आपलं नशीब.

याद्यांबद्दल थोडं. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांच्या यादीअखेर एकूण ओळी दिल्यात : 4,45,270. पण मेटाफिजिक्स या नावाचा ग्रंथ त्या यादीत नाहीच! म्हणजे आज आपण ज्या पोथीला ॲरिस्टॉटल समजतो ती त्या रूपात यादी करणाऱ्याच्या समोर नव्हती. अशी एक रूक्ष यादी दहा सुरस गोष्टींना भारी पडते.

क्रिसिपसची यादी मात्र मध्येच तुटते. सातव्या भागाचं शेपूट हस्तलिखितांत हरवलंय. त्यापुढे आणखी कितीतरी स्टोइकांची चरित्रं होती हे एका हस्तलिखितातल्या जुन्या नामावलीवरून कळतं. बुवांचं गाढव वाचलं, पुढची माणसं गेली.

---

रिकामटेकडा बुवा

दंडवत _/\_ गाढवाच्या वतीने आभार.

---

मधुमालती

सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक राहिलंच. लाएर्शियसने प्लेटोच्या भागात मध्येच एका वाचकाला उद्देशून म्हटलंय की तुला प्लेटो इतका आवडतो म्हणून हे सांगतो. तो वाचक बाई आहे, ग्रीक रूपावरून ते कळतं. तिचं नाव मात्र कुठेच नाही. सगळ्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण मिळालेली बाई एकच, हिपार्किया. तेही नवरा क्रेटीसच्या पाठोपाठ. भर मेजवानीत थिओडोरसने 'मागावर धोटा टाकून आलेली हीच का ती' अशा अर्थाचं खोचक विचारलं, तर ती म्हणाली, मागावर घालवायचा वेळ मी स्वतःच्या शिक्षणात घातला, हे काही वाईट केलं असं तुला वाटतं का?

1690 मध्ये जिल मेनाज नावाच्या फ्रेंच पंडिताला (त्याने लाएर्शियसवर टीकाही लिहिली होती) वाटलं की जुन्या ग्रंथांत शोधलं तर बायका सापडतील. सापडल्या 65. त्यांचा त्याने लॅटिनमध्ये स्वतंत्र इतिहास लिहिला आणि तो ॲन दासिए या विदुषीला अर्पण केला. त्यात कवयित्री, ज्योतिषी, कुणाच्या तरी मुली असं सगळं कडबोळं आहे, तत्त्वज्ञ कुणाला म्हणायचं याची चाळणी सैल आहे. पण पुरुषांच्या बाबतीत तरी ती कुठे घट्ट होती? पेरिआंडर हा चक्क जुलमी सत्ताधीश, तोही लाएर्शियसच्या पहिल्या भागात ज्ञानी म्हणून बसलाय.

आणि एक किस्सा. अकराव्या शतकात अल-मुबश्शिर इब्न फातिकने अरबीत ज्ञानी लोकांची चरित्रं आणि वचनं गोळा केली. ती स्पॅनिश, लॅटिन, फ्रेंच असा प्रवास करत इंग्रजीत आली आणि 1477 मध्ये कॅक्स्टन या मुद्रकाने छापली. इंग्लंडमध्ये तारखेसह छापलेलं ते पहिलं पुस्तक, विषय काय तर तत्त्वज्ञांची वचनं! भाषांतर करणाऱ्या सरदाराने सॉक्रेटिसची बायकांबद्दलची वाईटसाईट वचनं गाळली होती. कॅक्स्टनला ते राहवेना, त्याने ती शेवटी परत जोडली. वर लिहिलं की कुणाला आवडलं नाही तर पान फाडून टाका. संपादक लोक तेव्हापासून असेच.

---

उत्तरपक्ष

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने धावते. माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह उघडा, त्यात माणसांची नव्हे, दर्शनांची प्रकरणं आहेत. चार्वाकापासून सुरुवात, एकेक पायरी चढत वेदान्तापर्यंत. कोण कुठे जन्मला याच्याशी कर्तव्य नाही. हरिभद्राच्या षड्दर्शनसमुच्चयातही तेच. मास्तरांना आवडेल अशी व्यवस्था. :)

चरित्रं आहेत, पण वेगळ्या घरात : दिग्विजय, प्रबंध, गुरुपरंपरा. जैनांचा प्रभावकचरित हा तेराव्या शतकातला ग्रंथ, राजशेखराचा प्रबंधकोश चौदाव्या. बौद्ध आचार्यांची काही चरित्रं तर आपल्याला चिनीतून मिळतात. नागार्जुनाचं चरित्र कुमारजीवाच्या नावावर आहे. त्यात तरुणपणी नागार्जुन मित्रांसोबत अदृश्य होण्याची विद्या मिळवून राजाच्या अंतःपुरात शिरतो, मित्र मारले जातात, हा वाचतो आणि मग कामना हेच दुःखाचं मूळ हे त्याला कळतं. बुवा, तुमच्यासाठी खास.

आता सालांचं. शंकराचार्यांचं 788 हे साल कोशांत सर्रास असतं. त्याचा आधार काय? "निधिनागेभवह्न्यब्दे" असा एक श्लोक. निधी 9, नाग 8, इभ म्हणजे हत्ती 8, वह्नी 3. अंकानां वामतो गतिः, म्हणून उलट वाचा : कलिवर्ष 3889. त्यातून 3101 वजा केले की 788. के. बी. पाठकांनी 1882 मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि आकडा रूढ झाला. पण श्लोक आहे खूप नंतरचा. आज बरेच अभ्यासक आचार्यांना आठव्या शतकाच्या पूर्वार्धात नेतात. तिकडे चाळिशीचा ठोकताळा, इकडे हत्ती आणि नाग.

बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीचा काळ तर एकाच्या मौनावरून काढलाय. ह्युएनत्संग सातव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात भारतात होता, तो धर्मकीर्तीचं नावही घेत नाही. दुसरा चिनी प्रवासी इत्सिंग शतकाच्या अखेरीस येतो, तो घेतो. मग फ्राउवालनर या अभ्यासकाने धर्मकीर्तीला 600 ते 660 मध्ये बसवलं. ह्युएनत्संग नुसता विसरला असेल तर? हा आक्षेप घेऊन त्याला मागे ओढणारेही आहेत.

---

नवशिका

वाचून मजा आली, पण मला सोपं सांगा. एखाद्या तत्त्वज्ञाबद्दल आज माहिती हवी असेल तर उघडायचं काय? नेटवर दहा ठिकाणी दहा सालं.

---

तळटीप

@नवशिका, कशासाठी हवी यावर आहे. विचार समजून घ्यायचा असेल तर स्टॅनफर्डचा ऑनलाइन ज्ञानकोश. 1995 पासून चालू आहे, नोंदी तज्ज्ञ लिहितात आणि सुधारतातही. जुनी आवृत्तीही पाहता येते, ही त्याची सगळ्यात मोठी गोष्ट.

प्राचीन ग्रीक-रोमन माणूस असेल आणि आधार हवा असेल तर रिशार गूलेने संपादित केलेला फ्रेंच कोश. पहिला खंड 1989, शेवटचा 2018. तत्त्वज्ञ म्हणून कुठे नुसता नावाने उल्लेख असला तरी त्याची नोंद आहे, शिलालेखातला का असेना. पहिला खंड ॲक्सिओथिआपाशी थांबतो. ही प्लेटोची शिष्या, पुरुषी वेशात यायची. अर्थात फ्रेंच वाचता यायला हवं.

मराठीत दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान-महाकोश, तीन खंड, 1974. भारतीय माणसांसाठी चित्रावशास्त्रींचे तीन चरित्रकोश, प्राचीन (1932), मध्ययुगीन (1937) आणि अर्वाचीन (1946). एकट्या माणसाने केलेलं काम आहे, हे लक्षात ठेवून वाचा, म्हणजे रागही येत नाही आणि आश्चर्यही कमी होत नाही.

---

शाईचा डाग

सगळ्यांचे आभार, धागा भलताच पळाला.

मास्तर, हायडेगरचं उदाहरण तुम्हालाच अडचणीत आणतंय. 1933 मध्ये विद्यापीठाचं प्रमुखपद घेऊन नाझी पक्षात जाणाऱ्या माणसाची नोंद 'जन्मला, काम केलं, मेला' अशी कोण लिहू देईल? तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेचंही तसंच. त्याचं तर्कशास्त्र पाहा, त्यात माणूस सापडत नाही. पण फ्रेगेचा अभ्यासक डमेटने 1973 च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिलंय की ज्याच्यावर वर्षानुवर्षं विचार केला, त्याच्या डायरीत कडवा ज्यूद्वेष वाचून तो हादरला. स्वतः डमेट त्या काळात वंशवादाविरुद्धच्या कामात बुडालेला होता. आता फ्रेगेच्या नोंदीत डायरी आली तर तर्कशास्त्राला काय फरक पडतो? काहीच नाही. पण कोशात नाव माणसाचं आहे, तर्कशास्त्राचं नाही.

काही लोकांनी कोशकारांना चकवलंय तेही भारी. प्लॉटिनसला आपण देहात आहोत याचीच लाज वाटायची. आईबाप, गाव, जन्मदिवस, काही सांगायचा नाही. चित्र काढू द्यायला तयार नव्हता, प्रतिमेची पुन्हा प्रतिमा कशाला म्हणायचा. मग त्याचा शिष्य अमेलिअसने कार्टेरिअस नावाच्या चित्रकाराला व्याख्यानांना बसवलं आणि त्याने आठवणीने चित्र काढलं. हे सगळं आपल्याला त्याचा दुसरा शिष्य पॉर्फिरीने लिहिलेल्या चरित्रामुळेच कळतं. गुरूला नको असलेलं नेमकं तेच शिष्याने केलं.

आणि फूको! 1984 मध्ये फ्रान्समध्ये तत्त्वज्ञांचा कोश निघाला. त्यात फूकोवरची नोंद मॉरिस फ्लोरँस या नावाने आहे. आद्याक्षरं तीच, म. फ. हा मॉरिस म्हणजे मुख्यतः स्वतः मिशेल. लेखक म्हणजे कोण, हा प्रश्न उभ्या जगाला विचारून झाल्यावर स्वतःची नोंद टोपणनावाने लिहिली!

---

खडूस मास्तर

फ्रेगेचा मुद्दा मान्य. तीनच्या पाच ओळी करतो.

पण कांटचं काय कराल? जर्मन कवी हायने म्हणून गेला की कांटला ना आयुष्य होतं ना इतिहास. ते वाक्य प्रत्येक नोंदीत शिरलं, सोबत घड्याळ लावून फिरायला जाणारा म्हातारा. 2001 मध्ये मॅनफ्रेड क्यूनचं चरित्र आलं. त्यात दिसतो तो तरुण कांट पत्ते आणि बिलियर्ड खेळणारा, कपड्यांचा शौकीन, लोकांत रमणारा. घड्याळाची शिस्त लागली ती चाळिशीत, जोसेफ ग्रीन या इंग्रज व्यापाऱ्याच्या मैत्रीने. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचा, कागदपत्रं असलेला माणूससुद्धा कोशात चुकीचा बसतो. माझं म्हणणं एवढंच : चुकीचं आयुष्य छापण्यापेक्षा न छापलेलं बरं.

---

मधुमालती

मास्तर, किंवा बेलसारखं करावं. पिएर बेलचा 1697 चा कोश जन्मला तोच मोरेरीच्या आधीच्या कोशातल्या चुका दाखवायला. पानाच्या माथ्यावर चार ओळी चरित्र आणि खाली बारीक टायपात टिपांचा पूर : हे अमुक म्हणतो, ते तमुक खोडतो, दोघेही चुकलेत. सगळ्यात लांब नोंद स्पिनोझाची. वर छापा, खाली भांडा.

---

नवशिका

एक बारीक शंका, हसू नका. पहिल्या पोस्टमध्ये थेलीझचं गणित आहे. ग्रहण 585 ला, वय 40. मग जन्म 625 यायला हवा ना? 624 कसा?

---

तळटीप

हसण्यासारखं अजिबात नाही. ग्रीक लोक मोजताना दोन्ही टोकं धरत. चाळिसाव्या वर्षात म्हणजे आपल्या हिशेबाने 39 वर्षं झालेली. 585 अधिक 39, 624.

पण तुम्ही नको तिथे बोट ठेवलंत. लाएर्शियसच्या हस्तलिखितात 624 नाहीच. तिथे अपोलोडोरसच्या हवाल्याने थेलीझचा जन्म 35व्या ऑलिंपियाडच्या पहिल्या वर्षी दिलाय, म्हणजे 640. तिथेच पुढे लिहिलंय की तो 78व्या वर्षी, 58व्या ऑलिंपियाडमध्ये वारला, म्हणजे 548 ते 545. 640 मधून 78 वजा करा, जुळत नाही. म्हणून डील्स या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात सुचवलं की मूळ आकडा 39 असावा. 39वा ऑलिंपियाड म्हणजे 624, आणि मग ग्रहण, चाळिशी, मृत्यू सगळं बिनचूक बसतं.

ग्रीकमध्ये आकडे अक्षरांनी लिहितात. 5 साठी एप्सिलॉन, 9 साठी थीटा. जुन्या गोलसर लिपीत एक अर्धं वर्तुळ, एक पूर्ण, दोन्हींच्या पोटात आडवी रेघ.

---

नवशिका

म्हणजे कुणा लेखनिकाने वर्तुळ पुरं केलं नाही?

---

तळटीप

डील्सचं तरी तसंच म्हणणं आहे.